औषधाची जागा आणि औषधाची वेळ

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहास आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा औषधशास्त्रासारख्या विषयावर कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेखणी उचलावी, याचे वाचकांस नवल वाटेल. काही प्राध्यापकांना ते धाडसही वाटेल. परंतु या विषयाकडे मी पुस्तकामुळे वळलो नाही. एका चिठ्ठीमुळे वळलो. ती हकीकत आधी सांगतो आणि मग मूळ विषयाकडे येतो.

एप्रिल २०२१ चा तो महिना. मी दहावीत होतो आणि परीक्षा रद्द झाली होती. आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, तापाने आजारी पडले. पहिला आठवडा काढे, तापाच्या गोळ्या आणि ‘उद्या उतरंल’ या आशेवर घरीच गेला. आठव्या दिवशी धाप लागू लागली, तेव्हा त्यांना जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेले. तेथे प्राणवायू लावण्यात आला आणि वडिलांच्या हाती एक चिठ्ठी पडली. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. आई घरी शिलाई करते. दोघांनाही इंग्रजी येत नाही. दवाखान्याच्या फाटकाबाहेर वडिलांनी ती चिठ्ठी माझ्यापुढे धरली, कारण घरात इंग्रजी अक्षरे लावता येणारा मी एकटाच. अक्षराला अक्षर जुळवून मी वाचले : रेमडेसिवीर, सहा कुप्या.

त्या दिवसांत हे औषध मिळेनासे झाले होते. केंद्र सरकारने ११ एप्रिल रोजी त्याची निर्यातही थांबवली होती. तरीही औषधांच्या दुकानांपुढील रांगा हटत नव्हत्या. वडील दोन दिवस रांगांतून फिरले. आईचे डोरले गहाण पडले. कुप्या हाती आल्या तेव्हा आजाराचा दहावा दिवस होता आणि तात्यांना व्हेंटिलेटर लावलेले होते. इंजेक्शने दिली गेली. पंधराव्या दिवशी तात्या गेले.

तेव्हापासून वडिलांच्या तोंडी एकच वाक्य असते : “दोन दिस आधी घावलं असतं, तर माझा भाऊ हाती लागला असता.” जेवताना, पोती उतरवून आल्यावर, तात्यांच्या घरावरून जाताना ते हे म्हणतात. हे वाक्य खरे की खोटे, हे मला शोधून काढावयाचे होते. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयातील संगणकावर बसून, एका वहीत इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहीत लिहीत मी जे वाचले, त्याचे सार या लेखात मांडत आहे.

विषाणूवर औषध कठीण का?

पेनिसिलिनसारखी औषधे आपल्या परिचयाची आहेत. ती जिवाणूंवर चालतात. जिवाणू हा एका पेशीचा का होईना, पण स्वतंत्र जीव होय. त्याच्या पेशीला स्वतःची भिंत असते. माणसाच्या पेशीला तशी भिंत नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. त्यामुळे जिवाणू मरतो आणि माणसाला अपाय होत नाही. शत्रूचे घर वेगळे असले की त्यावर घाव घालणे सोपे जाते.

विषाणूला स्वतःचे घरच नाही. तो म्हणजे थोडीशी जनुकीय लिपी आणि तिच्याभोवती एक वेष्टन. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच पेशीची यंत्रसामग्री वापरून स्वतःच्या प्रती काढतो. त्याच्यावर घाव घालावा, तर तो आपल्याच पेशीवर पडण्याचा धोका असतो. म्हणून विषाणूविरोधी औषध शोधणे म्हणजे, भाडेकरूला बाहेर काढावे पण घराची वीटही हलू नये, असे काम आहे. त्यासाठी फक्त विषाणूपाशी असलेली आणि माणसापाशी नसलेली अशी एखादी वस्तू हेरावी लागते आणि नेमकी तीच निकामी करावी लागते. यालाच नेमके किंवा लक्ष्यवेधी औषध म्हणतात.

या वाटेवरील एक नाव येथे नमूद करणे अगत्याचे आहे. गर्ट्रूड एलियन या अमेरिकन संशोधिकेच्या गटाने १९७० च्या दशकात असायक्लोविर हे नागिणीच्या जातीच्या विषाणूंवरील औषध पुढे आणले. हे औषध निरोगी पेशीत जवळजवळ स्वस्थ बसून राहते. विषाणूने पछाडलेल्या पेशीत मात्र विषाणूचेच एक विकर त्याला जागे करते, आणि मग ते विषाणूची नक्कल थांबवते. चोराच्याच हाताने चोराला बेडी घालावी, तसा हा प्रकार आहे. एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक जॉर्ज हिचिंग्स व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत मिळाले. त्यांनी पीएच. डी. पूर्ण केलेली नव्हती. आमच्यासारख्या, घरातील पहिल्याच पदवीसाठी धडपडणाऱ्यांना ही गोष्ट धीर देणारी वाटते.

आईची कात्री आणि विषाणूची कात्री

आता करोना विषाणूकडे वळू. त्याची लिपी सुमारे ३० हजार अक्षरांची असते. आपल्या पेशीत शिरल्यावर पेशी त्या लिपीबरहुकूम प्रथिने तयार करू लागते. परंतु विषाणूला प्रती काढण्यासाठी लागणारी प्रथिने सुटी सुटी तयार होत नाहीत. ती एकमेकांना जोडलेली, एका लांबलचक साखळीच्या रूपात बाहेर पडतात. अशा अवस्थेत ती निरुपयोगी असतात.

हे वाचताना मला आईचे शिवणकाम आठवले. कापडाचा तागा आला म्हणून कोणी तो अंगावर घालीत नाही. आई आधी खडूने खुणा करते, खुणेवर कात्री चालवते; बाही वेगळी, पाठ वेगळी, पुढा वेगळा करते. मगच पोलके होते. करोना विषाणूही अशीच एक कात्री बाळगून असतो. ती त्या लांब साखळीतच गुंतलेली असते. प्रथम ती स्वतःला सोडवून घेते आणि मग साखळी अकरा ठिकाणी कापते. शास्त्रज्ञ तिला ‘मुख्य प्रोटिएज’ म्हणतात. आपण तिला मुख्य कात्री म्हणू. आणखी एक लहान वाट्याची कात्री विषाणूपाशी असते, ती उरलेल्या तीन ठिकाणी कापते. अशा रीतीने सोळा प्रथिने सुटी होतात आणि विषाणूचा कारखाना सुरू होतो.

या मुख्य कात्रीचे वैशिष्ट्य तिच्या खुणेत आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेत ग्लुटामिन नावाचा मणी आला, की त्याच्या लगेच पुढे ही कात्री चालते. माणसाच्या शरीरातही प्रथिने कापणाऱ्या कात्र्या शेकड्यांनी आहेत, परंतु नेमक्या या खुणेवर कापणारी कात्री माणसात आढळलेली नाही. म्हणजे आपल्याला हवी होती ती वस्तू सापडली : विषाणूपाशी असलेली, माणसापाशी नसलेली. त्या कात्रीच्या पात्यांत काहीतरी अडकवून ठेवले, तर तागा कापला जाणार नाही, आणि कपडा शिवला जाणार नाही.

ही कल्पना नवीन नव्हती. एड्सच्या विषाणूपाशीही अशीच एक कात्री असते. तिला अडवणारे पहिले औषध १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झाले. त्यानंतर दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि ज्या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूचे बोलावणे मानले जाई, त्या रोगासह माणसे वर्षानुवर्षे जगू लागली.

दुसऱ्यासाठी घडवलेले औषध

मग रेमडेसिवीर ते काय होते? तेही विषाणूविरोधी औषधच होय. पण त्याचे लक्ष्य वेगळे. विषाणू आपली लिपी उतरवून घेताना जी अक्षरे वापरतो, त्यांतील एका अक्षराचे ते सोंग घेते. विषाणूचे लिपी उतरवणारे यंत्र फसते, ते खोटे अक्षर जोडते आणि पुढे जाऊन अडखळते. कल्पना उत्तम आहे. मात्र हे औषध या साथीसाठी घडवलेले नव्हते. अमेरिकेतील गिलियड कंपनीच्या आधीच्या विषाणूविरोधी संशोधनातून ते निघाले होते. काँगोमधील इबोलाच्या साथीत त्याची चाचणी झाली. तेथे दुसरी औषधे अधिक गुणकारी ठरल्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये ते त्या चाचणीतून मागे पडले. काही महिन्यांतच करोनाची साथ आली, आणि तयार असलेले औषध म्हणून त्याचे नाव पुढे आले. पेटलेल्या घरावर हाताशी येईल त्या भांड्याने पाणी टाकावे लागते; त्यात चूक नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे हिवतापाचे जुने औषधही असेच वापरून पाहिले गेले. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत ते दवाखान्यातील रुग्णांस निरुपयोगी ठरले.

रेमडेसिवीरचा निकाल इतका सरळ नाही. अमेरिकेतील चाचणीत दवाखान्यातील रुग्ण पंधराऐवजी दहा दिवसांत बरे होतात, असे दिसले. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतील चाचणीत, ऑक्टोबर २०२० मध्ये, मृत्यू टाळण्याच्या कामी त्याचा उपयोग जवळजवळ दिसला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली. त्याच चाचणीचे अंतिम आकडे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते माझ्या वहीत मी लाल शाईने लिहून ठेवले आहेत. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांना रेमडेसिवीरचा लाभ झाला नाही. प्राणवायू लावलेल्या, पण व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांत मात्र थोडा लाभ झाला : औषध न दिलेल्यांत शंभरी १६.३ मृत्यू, औषध दिलेल्यांत शंभरी १४.६. त्यानंतर संघटनेनेही आपली शिफारस बदलली.

तात्यांच्या डॉक्टरांनी हे औषध लिहून दिले, यात त्यांची चूक होती असे मला म्हणता येत नाही. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना आजाराच्या पहिल्या दहा दिवसांत या औषधाचा विचार करता येईल, असे त्या वेळच्या आपल्या देशातील मार्गदर्शक सूचनांतच होते.

सतरा वर्षे फडताळात

नेमक्या औषधाची कथा याहून वेगळी आहे, आणि ती २०२० मध्ये सुरू होत नाही. जर्मनीतील रोल्फ हिल्गेनफेल्ड यांच्या गटाने २००२ मध्ये एका करोना विषाणूच्या मुख्य कात्रीची रचना शोधून काढली. तो विषाणू माणसाचा नव्हता. तो डुकरांना हगवण लावणारा होता. कात्रीचे स्फटिक तयार करून त्यांवर क्ष-किरण सोडले, की ते किरण कसे विखुरतात यावरून अणूंची मांडणी कळते. डुकराच्या विषाणूची कात्री कशी दिसते, याचा माणसाला काय उपयोग, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर तो प्रश्न वावगा ठरला नसता. परंतु त्याच हिवाळ्यात चीनच्या दक्षिण भागात सार्स हा नवा रोग उद्भवला, आणि तोही करोना विषाणूचाच निघाला.

सार्सच्या साथीत आठ हजारांवर रुग्ण झाले, त्यांतील ७७४ दगावले. फायझर या औषध कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी त्या वेळी सार्सच्या विषाणूची कात्री अडवणारा एक रेणू तयार केला. पण जुलै २००३ मध्ये साथ आटोक्यात आली. चाचणीसाठी रुग्ण उरले नाहीत आणि औषधाला गिऱ्हाईकही उरले नाही. काम थांबले. तो रेणू आणि त्याची टिपणे फडताळात गेली.

जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची लिपी जगापुढे ठेवली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शांघायच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या मुख्य कात्रीची रचना सर्वांसाठी खुली केली. ती जुन्या सार्सच्या कात्रीशी ताडून पाहिली, तेव्हा असे आढळले की ३०६ मण्यांपैकी केवळ १२ मणी वेगळे आहेत, आणि पात्यांची जागा तर जवळजवळ तशीच आहे. फडताळातील रेणू बाहेर काढण्यात आला. तो नव्या कात्रीलाही अडवत होता.

मात्र त्यात एक मोठी उणीव होती. तो रेणू पोटातून अंगी लागत नव्हता. शिरेतूनच द्यावा लागे. म्हणजे रुग्णाने दवाखान्यात दाखल व्हावयाचे आणि मग औषध घ्यावयाचे. फायझरच्या शास्त्रज्ञांनी त्याची पुन्हा बांधणी केली. कात्रीच्या पात्याला पकडणारे टोक त्यांनी बदलले. कात्रीच्या खाचेत गंधकाचा एक अणू असतो; नवे टोक नेमके त्याला जाऊन धरते. हेपॅटायटिस-सी या कावीळीच्या जुन्या औषधातील एक तुकडाही त्यांनी उपयोगात आणला. जुलै २०२० मध्ये जो रेणू प्रथम तयार झाला, तोच पुढे निर्माट्रेल्विर या नावाने ओळखला गेला.

तरीही एक अडचण उरली. आपले यकृत या औषधाला परकी वस्तू समजून फार लवकर मोडून टाकते. त्यावर रिटोनाविर हे एड्सवरील १९९६ पासूनचे औषध कामी आले. रिटोनाविर यकृतातील त्या मोडणाऱ्या विकराला काही काळ रोखून धरते, आणि निर्माट्रेल्विर रक्तात टिकून राहते. म्हणून ही दोन्ही औषधे बरोबर, दिवसातून दोनदा, पाच दिवस घ्यावयाची असतात. या जोडीलाच पॅक्सलोविड म्हणतात. रिटोनाविर यकृताला रोखते, त्यामुळे रुग्ण घेत असलेली रक्त पातळ करण्याची, कोलेस्टेरॉलची किंवा अन्य औषधेही शरीरात साचू शकतात. म्हणून ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेता येत नाही.

नव्या रेणूपासून मान्यतेपर्यंतचा प्रवास दीड वर्षात झाला. अमेरिकेत त्याला २२ डिसेंबर २०२१ रोजी तातडीची आणि मे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. या वेगाचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. पण हा वेग दीड वर्षाचा नाही. त्यात डुकराच्या विषाणूवरील काम आहे, सार्सच्या वेळचा रेणू आहे, एड्सची पंचवीस वर्षांची शिकवण आहे, काविळीच्या औषधाचा तुकडा आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवल वाटत नाही. एका रात्रीत झालेली म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, तिच्या मागे बहुधा पुष्कळ रात्री असतात.

औषधाची वेळ

येथवर औषधाच्या जागेचा विचार झाला. आता वेळेचा.

करोनाच्या आजाराचे ढोबळ मानाने दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात, लक्षणे दिसल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांत, विषाणू झपाट्याने वाढत असतो. पुढे, साधारण आठवडा उलटल्यावर, काही रुग्णांत दुसरा टप्पा येतो. त्यात विषाणूचा जोर ओसरू लागलेला असतो, पण त्याच्याशी लढणारी आपलीच संरक्षक यंत्रणा बेभान होते आणि फुप्फुसांना सूज आणते. धाप लागते ती बहुतेक या टप्प्यात.

कात्री अडवायची ती तागा कापला जाण्याआधी. कपडे शिवून झाल्यावर कात्री बोथट करून काय उपयोग? म्हणून विषाणूविरोधी औषध पहिल्या टप्प्यातच द्यावे लागते. पॅक्सलोविडच्या चाचणीने हे स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत लस न घेतलेले आणि ज्यांचा आजार बळावण्याचा धोका अधिक आहे, असे दोन हजारांवर रुग्ण होते. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नाही. लक्षणे दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत ज्यांना औषध मिळाले, त्या ६९७ रुग्णांपैकी ५ जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले. खोटी गोळी घेतलेल्या ६८२ पैकी दाखल झालेले किंवा दगावलेले ४४ होते. म्हणजे धोका सुमारे ८९ टक्क्यांनी घटला.

विशेष म्हणजे रेमडेसिवीरनेही पहिल्या टप्प्यात असाच गुण दाखवला. दवाखान्यात दाखल न झालेल्या, धोका अधिक असलेल्या रुग्णांना पहिल्या सात दिवसांत ते तीन दिवस शिरेतून दिले, तेव्हा दाखल होण्याचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. हा निकाल २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. औषध तेच, वेळ बदलली आणि फळ बदलले. दुसऱ्या टप्प्यात उपयोगी पडले ते डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे, जुने आणि अगदी स्वस्त औषध. इंग्लंडमधील चाचणीत, जून २०२० मध्ये, व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. ते विषाणूला हातही लावत नाही.

पॅक्सलोविड म्हणजे रामबाण, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. लस घेतलेल्या किंवा मुळात धोका कमी असलेल्या लोकांत त्याचा ठळक लाभ दिसला नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. काहींचा आजार औषध संपल्यावर थोडा उलटतो. विषाणू आपली कात्री बदलून औषधाला चकवू शकतो, याचीही चिन्हे प्रयोगशाळेत दिसली आहेत. म्हणून काम थांबलेले नाही. जपानमध्ये शिओनोगी कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठ यांनी एन्सिट्रेल्विर हे त्याच कात्रीवरील दुसरे औषध तयार केले. त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे तातडीची मान्यता मिळाली आणि त्याला रिटोनाविरची सोबत लागत नाही. ‘कोविड मूनशॉट’ या उपक्रमात तर जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी कात्री अडवणाऱ्या रेणूंचे आराखडे पाठवले, आणि त्यावरील सर्व माहिती कोणालाही वापरता यावी म्हणून खुली ठेवण्यात आली.

वडिलांचा प्रश्न

हे सर्व वाचून झाल्यावर एका रात्री मी वडिलांना ओट्यावर बसून ते सांगितले. कात्रीची गोष्ट आईनेही दारात उभी राहून ऐकली. मग मी आकड्यांवर आलो. म्हणालो, “आबा, दोन दिवस आधी औषध मिळालं असतं, तर तो आठवा दिवस असता. तात्यांसारखी शंभर माणसं घेतली, तर औषधाविना सोळा जातात. औषधानं त्यांतली दोनसुद्धा पुरती वाचत नाहीत. तुम्ही उशीर केला म्हणून तात्या गेले, असं म्हणता येत नाही.”

वडील रोज पोत्यांचा हिशेब ठेवतात. शंभरात दोन म्हणजे किती, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक चांगले कळते. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्या दोनांत तात्या नसतेच, असे मी म्हणालो नाही आणि म्हणू शकत नव्हतो. मग त्यांनी विचारले, “आन् ती गोळी तवा कुठं हुती?”

मी सांगितले की एप्रिल २०२१ मध्ये त्या गोळीची माणसांवर नुकतीच पहिली तपासणी चालली होती. रुग्णांवरील मोठी चाचणी अजून सुरू व्हावयाची होती. आणि तिचा थोरला भाऊ म्हणावा असा रेणू २००३ पासून कपाटात पडून होता.

“कपाटात कशापायी?”

“साथ संपली म्हणून.”

“पाऊस थांबला म्हणून छप्पर शाकारायचं कुणी सोडतं व्हय?” एवढे बोलून ते उठले.

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि मला वाटते या लेखाचे सारही तेच आहे. काम थांबवणाऱ्यांना २०२० चे भविष्य दिसत नव्हते, हे मान्य. शिवाय तो रेणू तेव्हा पुरा केला असता, तर तोच नव्या साथीत तसाच चालला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु गोळी कशी बांधावी, पोटातून कशी पचवावी, माणसाला सोसते की नाही, हे प्रश्न आधीच सुटलेले असते, तर काही महिने नक्कीच वाचले असते. साथीत महिन्यांची किंमत काय असते, हे २०२१ च्या उन्हाळ्याने आपल्याला दाखवले आहे. ज्या औषधाला आज गिऱ्हाईक नाही ते केवळ बाजाराच्या भरवशावर पुरे होत नाही. तेथे सरकारांनी आणि विद्यापीठांनी पैसा घालावा लागतो.

दुसरी गोष्ट औषध पोहोचण्याची. नोव्हेंबर २०२१ मध्ये फायझरने ‘मेडिसिन्स पेटंट पूल’ या संस्थेशी करार करून ९५ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी इतर कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी केली. त्या देशांत भारत होता. डिसेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या औषधाला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ही गोष्ट चांगली झाली. पण मूळ औषधाच्या मान्यतेपासून मध्ये एक वर्ष गेले. आणि पहिल्या तीन ते पाच दिवसांत द्यावयाचे औषध केवळ बनून भागत नाही. गावात त्या मुदतीत तपासणी झाली पाहिजे, निकाल आला पाहिजे आणि तापाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याइतका विश्वास व पैसा माणसापाशी असला पाहिजे. तात्यांचे पहिले सात दिवस घरातच गेले होते. दोन दिवसांचा उशीर वडिलांना दिसला. त्याआधीचे हे सात दिवस आम्हा कोणालाच दिसले नाहीत, कारण त्यांचे मोल आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून शेवटी माझ्या विद्यार्थी मित्रांना एक विनंती करतो. आपण कला शाखेचे आहोत, विज्ञान आपले नव्हे, असे म्हणून हा विषय बाजूला सारू नये. आपल्यापैकी अनेक जण घरातील पहिले वाचणारे आहेत. पुढची चिठ्ठी आपल्याच हाती येणार आहे. तिच्यावरील अक्षरे वाचता येणे पुरेसे नाही. ते औषध काय करते, केव्हा करते आणि केव्हा करीत नाही, हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे. माझ्या शब्दांच्या वहीत आता दोनशेच्या वर शब्द झाले आहेत. कोणाला हवी असल्यास ती मी आनंदाने देईन.

वडील ते वाक्य अजूनही कधी कधी म्हणतात. पण पूर्वीइतके नाही.